पफर मासा विषारी आहे, पण काळजी मिठाची करा

पत्र: "माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी माझ्या गळ्यात घालून गेला. टाकीत एकच मासा आहे, डॉगफेस पफर. साधारण १२ सेंटीमीटरचा. माझ्या ५ वर्षांच्या मुलाने त्याचं नाव भोपळ्या ठेवलंय. पहिला महिना बरा गेला. भावाने सांगितल्याप्रमाणे मी रोज सोललेलं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव, घालते, दिवे लावते, बंद करते (आणि पाण्याची पातळी उतरली की समुद्री मीठ विरघळवून रोज लिटरभर पाणी वरून भरते). गेल्या रविवारी काच घासायची म्हणून त्याला जाळीने बाहेर काढलं, तर तो हवेतच चेंडूसारखा फुगला. परत सोडला तेव्हा पोट वर करून तरंगत राहिला. माझी तर पाचावर धारण बसली. संध्याकाळी खाली गेला, पण तेव्हापासून ३ दिवस त्याने काहीही खाल्लेलं नाही. शेजारच्या काकू म्हणतात, या माशात ३० माणसं मारण्याइतकं विष असतं, घरात मूल आहे, मांजर आहे, आजच्या आज बाहेर काढ. भाऊ फोनवर म्हणतो, रुसलाय, खाईल. आणि मुलगा म्हणतो, आई, त्याला परत फुगव ना. कोणाचं ऐकू?" – धास्तावलेली ताई

ताई,

तिघांपैकी कोणाचंच पूर्ण ऐकू नका. पण काकूंचं विष, बंधुराजांचा रुसवा आणि चिरंजीवांचा हट्ट यांच्याकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या सगळ्यात धोकादायक वाक्याबद्दल बोलू. ते तुम्ही कंसात लिहिलंय.

टाकीतलं पाणी उडतं तेव्हा फक्त पाणी उडतं. मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची असते. तुम्ही महिनाभर रोज लिटरभर खारं पाणी घातलंत. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ धरलं, तर महिन्यात किलोभराहून थोडं जास्त मीठ वाढलं. २०० लिटरच्या टाकीत मुळात ७ किलोच्या आसपास मीठ असायला हवं. म्हणजे भोपळ्या आज हवं त्यापेक्षा सातव्या हिश्शाने जास्त खाऱ्या पाण्यात पोहतोय. लाजू नका. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, आणि माझ्या तर कंसातसुद्धा ते आलं नव्हतं. माशाचं काय बिघडलंय म्हणून औषधं शोधत बसले होते.

भावाच्या सामानात रिफ्रॅक्टोमीटर असेल, पाण्याचा खारेपणा मोजणारं छोट्या दुर्बिणीसारखं उपकरण. नसेल तर साधं हायड्रोमीटर असेल. आधी त्याने मोजा. विशिष्ट गुरुत्वाचा आकडा (खारं पाणी गोड्या पाण्याच्या किती पट जड, तो) १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान हवा. माझ्या हिशोबाने तुमचा १.०३० च्या आसपास येईल. आला तर घाबरून अर्धी टाकी उपसू नका. क्षारता एका दिवसात झपकन उतरवली तर तोही माशाला धक्काच. रोज ५ लिटर टाकीतलं पाणी काढा आणि तेवढंच आरओचं किंवा क्लोरीन काढलेलं गोडं पाणी हळूहळू ओता. शिवाय जे उडालंय त्याच्या जागीही गोडंच. हे साधारण ५ दिवस केलंत की आकडा जागेवर येईल. रोज मोजायचं, अंदाजाने ओतायचं नाही. काचेच्या बाहेरून पातळीला चिकटपट्टीची एक खूण करून ठेवा. पाणी खुणेखाली गेलं की गोडं पाणी. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना, म्हणजे टाकीतलं पाणी बाहेर काढून त्याच्या जागी नवीन भरता तेव्हा. आणि मीठ ॲक्वेरियमसाठी तयार केलेलंच. स्वयंपाकघरातल्या मिठाने समुद्राचं पाणी बनत नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे समुद्राच्या प्रमाणात नसतात.

आता ते तरंगणं. पफरच्या फुगण्यात हवेचा काही संबंध नसतो, निदान नसायला हवा. समुद्रात जीवावर बेतलं की हा मासा घटाघटा पाणी गिळतो. त्याचं पोट प्रचंड ताणलं जातं, फासळ्या नसल्यामुळे अडवणारं काही नसतं, आणि बघता बघता शत्रूच्या तोंडात न मावणारा चेंडू तयार होतो. धोका टळला की पाणी बाहेर सोडतो आणि आपल्या वाटेने जातो. तुम्ही त्याला हवेत काढलंत, तेव्हा गिळायला हवाच होती. हवा बाहेर टाकणं त्याला पाण्याइतकं सोपं नसतं, म्हणून तो पोट वर करून बुचासारखा तरंगला. तुमचं नशीब बरं की संध्याकाळपर्यंत त्याची त्यानेच हवा सोडली. पुन्हा कधी असं झालंच आणि तासाभरात उतरला नाही, तर ओल्या हातांनी त्याला पाण्याखालीच धरा. तोंड वर, शेपूट खाली, तोंडापासून बोटं लांब. हलकेच डोलवा, पोटावरून अगदी अलगद वर हात फिरवा. तोंडातून बुडबुडे सुटतात. जोर लावायचा नाही.

आणि ती जाळी काढून टाका. खरं तर काच घासायला माशाला बाहेर काढायची गरजच नव्हती. चुंबकाचा घासणी-ठोकळा मिळतो, हात न बुडवता बाहेरून फिरवता येतो. कधी हलवायचीच वेळ आली तर पाण्याखाली एक प्लास्टिकचा डबा किंवा भांडं तिरकं धरा, माशाला त्यात हाकला आणि पाण्यासकट उचला. पफर पाण्याबाहेर येताच कामा नये.

चिरंजीवांना सांगा की फुगणं हा खेळ नाही. फुगलेला पफर श्वास रोखून धरतो अशी समजूत होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तसं नाही, फुगलेला असतानाही तो कल्ल्यांनी श्वास घेतच असतो. पण त्याचा प्राणवायूचा खर्च खूप वाढतो आणि नंतर मूळ स्थितीवर यायला त्याला काही तास लागतात. म्हणजे आपल्या दोन मिनिटांच्या करमणुकीसाठी त्याचा अर्धा दिवस जातो. काचेवर टकटक करून, काठीने डिवचून पाहुण्यांना 'दाखवणारे' लोक मी पाहिलेत. मला त्यांचा राग येतो, तो इथे नोंदवून ठेवते. कधी कधी पफर आपणहून, कुणी न छेडताही फुगतो. तेव्हा मुलाने खुशाल बघावं.

तीन दिवसांच्या उपासाचं फारसं मनावर घेऊ नका. धडधाकट, मोठ्या पफरला एवढ्या उपासाने काही होत नाही. पण तो का खात नाही, हे शोधायला हवं. आज खाणं घातल्यावर पाच मिनिटं समोर बसून नीट बघा. तो खाण्याकडे ढुंकूनही बघत नसेल, कोपऱ्यात काळवंडून पडला असेल, तर संशयाचं बोट पाण्याकडे जातं. क्षारता आपण पाहिलीच. त्याचबरोबर अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात तयार होणारी घातक द्रव्यं, तपासा. दोन्ही शून्य हवेत, 'थोडंसं' चालत नाही. खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो आणि अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो. हे मासे खातात कमी आणि सांडतात जास्त. तीन दिवसांचं न खाल्लेलं क्रिल दगडांमागे कुजत पडलं असेल तर ते आधी काढा. त्यांच्यापासून पुढे बनणारं, कमी घातक नायट्रेट ४० पीपीएमच्या (दहा लाखात ४० भाग) खाली असलं तर आत्ता पुरे.

पण तो खाण्याकडे झेपावत असेल, नेम धरत असेल, तोंड लावून परत सोडून देत असेल, तर प्रकरण वेगळं आहे, आणि मला याचीच जास्त शंका येते. 'सोललेलं क्रिल' हे दोन शब्द वाचून मी तुमच्या बंधुराजांवर मनातल्या मनात ओरडले.

पफरच्या कुळाचं शास्त्रीय नाव टेट्राओडॉन्टिडी. अर्थ सरळ आहे, चार दातांचे. वर दोन, खाली दोन, आणि ते जुळून पोपटासारखी चोच तयार होते. ही चोच जन्मभर वाढत राहते. समुद्रात ती शिंपले, खेकडे, गोगलगायी फोडण्यात झिजते. तुमच्याकडे कवच काढलेलं मऊ क्रिल मिळतं, मग झिजणार कशी? वरचे दात खाली येतात, तोंड पुरतं मिटत नाही किंवा उघडत नाही, आणि समोर खाणं असून मासा उपाशी राहतो. तोंड बाजूने पाहा. पांढरी चोच ओठांच्या बाहेर आलेली, लांबलचक दिसत असेल तर ती कापावी लागेल. हे काम माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचं. माशाला भूल देऊन, मोजक्या मिनिटांत करायचं असतं. नेलकटर घेऊन स्वतः बसू नका. इंटरनेटवर लवंगतेलाची भूल वगैरे वाचाल, पण मात्रा चुकली की मासा उठतच नाही.

चोच अजून ठीक असेल तर आजपासून खाणं बदला. कवचासकट कोळंबी, अर्धवट उघडलेले शिंपले, छोटे खेकडे, जिवंत गोगलगायी. कोळंबी-क्रिल हेच एक रोज घालण्यात आणखी एक मेख आहे. कच्ची कोळंबी, काही शिंपले आणि काही मासे यांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की माशाला त्याची कमतरता भासते. म्हणून आलटून पालटून घाला आणि आठवड्यातून एक-दोनदा ॲक्वेरियमच्या जीवनसत्त्वाच्या द्रवात बुडवून घाला. रोज भरवायचीही गरज नाही. १२ सेंटीमीटरच्या माशाला एक दिवसाआड पोट किंचित गोल दिसेल इतकं पुरे. तो रोज भीक मागेल, काचेला नाक लावेल, पृष्ठभागावर येऊन तोंडाने पाणी उडवेल. बधायचं नाही. पफरला पोट भरल्याचं कधी कळतच नाही असं मला वाटतं.

आता काकू. त्या चूक नाहीत, पण त्यांचं म्हणणं अर्धवट आहे. पफरच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत, आतड्यात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. किती, ते जातीवर, ऋतूवर, त्या माशाने काय खाल्लंय यावर ठरतं. नसांमधले सोडियमचे मार्ग ते बंद करतं, त्यामुळे स्नायूंना निरोपच पोचत नाही. आधी ओठ-जीभ बधिर होतात आणि पुढे श्वास थांबतो. शिजवून ते जात नाही. त्यावर उतारा नाही, रुग्णालयात श्वास चालू ठेवून विष उतरण्याची वाट पाहावी लागते. १७७४ मध्ये कॅप्टन कुक आणि त्याच्या जहाजावरच्या दोघा निसर्गतज्ज्ञांनी अशाच एका माशाचं यकृत नि गाबोळी नुसती चाखली, तर रात्री हातपाय बधिर झाले. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं.

पण लक्षात घ्या, या गोष्टीत प्रत्येकाने मासा खाल्ला होता. पफरला विंचवासारखी नांगी नाही, त्याच्या चाव्यातून विष जात नाही, टाकीच्या पाण्यात बोट बुडवून कोणी दगावत नाही. आणि हे विष मासा स्वतः बनवत नाही. ते जीवाणू बनवतात आणि खाण्याच्या साखळीतून ते माशात साठतं. विषविरहित खाद्यावर वाढवलेले पफर बिनविषारी निघतात. भोपळ्या समुद्रातून पकडलेला असणार, म्हणून तो विषारी आहे असंच धरून वागा. याचा व्यवहारात अर्थ एवढाच की त्याला कोणी खाता कामा नये. इथे माझ्या यादीत मुलाच्या आधी मांजर येतं. टाकीला घट्ट, कुलूपबंद होईल असं झाकण हवं. मासा मेलाच तर लगेच काढा, पिशव्यांत गुंडाळा आणि मांजर, कुत्रा, कावळा कोणालाच उकरता येणार नाही अशी विल्हेवाट लावा. मांजराने किंवा माणसाने तुकडा जरी गिळला तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

मुलाला खरा धोका चोचीचा आहे. शिंपला फोडणारी चोच ५ वर्षांच्या मुलाच्या बोटाचा काय विचार करणार? भोपळ्याच्या लेखी पाण्यात शिरणारं प्रत्येक बोट म्हणजे खाऊ. माझ्याकडे तळहातापेक्षाही लहान व्हॅलेंटिनी पफर होती, जेमतेम ७ सेंटीमीटरची. तिने माझ्या करंगळीचा लचका काढला होता. चूक माझीच, मी नुकतीच कोळंबी सोलली होती. (त्याच बाईसाहेबांनी टाकीची साफसफाई करायला आणलेल्या वीस गोगलगायी एका रात्रीत संपवल्या. तेव्हा सोबतीला शोभेच्या कोळंब्या, खेकडे, गोगलगायी आणायचा विचार असेल तर ती सोबत नसते, जेवण असतं.) चावा बसला तर साबणाने भरपूर धुवा. कापलेला, खरचटलेला हात टाकीत घालूच नका. टाकीच्या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम मरीनम या जीवाणूमुळे काही आठवड्यांनी बोटावर न बरी होणारी गाठ येते. डॉक्टरला घरात ॲक्वेरियम आहे हे आपणहून सांगितलं नाही तर निदान लांबतं. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि विजेचं. चोच रबरही कुरतडते. हीटरला जाळीचं आवरण घाला, वायरी दगडांमागून न्या, प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर घ्या म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडतील. टाकीचा सगळा जोड अर्थ लीकेज ब्रेकरवर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या बटणावर, असू द्या. हात घालण्यापूर्वी बटणं बंद. खरं सांगायचं तर विषापेक्षा मला या वायरींची भीती जास्त वाटते.

विषाचाच विषय निघालाय तर दगडांवर एकदा नजर टाका. बटणांच्या झुपक्यासारखे, फुलासारखे उघडणारे प्रवाळ आहेत का? झोअँथिड म्हणतात त्यांना. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. असे दगड घासल्याने किंवा गरम पाण्यात टाकल्याने घरातली माणसं रुग्णालयात गेल्याची उदाहरणं आहेत. असले तर हात लावू नका, भावाला फोटो पाठवा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध सरळ टाकीत ओतू नका. पफरच्या कातडीवर इतर माशांसारखे खवले नसतात, औषधं त्याला लवकर बाधतात, आणि दगड ते तांबं शोषून घेतात. उपचार वेगळ्या टाकीत, माहीतगाराच्या देखरेखीखाली करावे लागतात.

आता अवघड गोष्ट, आणि ही तुमच्यापेक्षा भावासाठी आहे. डॉगफेस पफर ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो. नीट सांभाळला तर दहा-दहा वर्षं जगतो. २०० लिटरची टाकी त्याला आत्ताच आखूड आहे, वर्ष-दोन वर्षांत त्यात वळणंही कठीण होईल. त्याला किमान ५०० लिटर लागतात, सहा फूट लांब आणि रुंदीही भरपूर, शिवाय दणकट स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र. ५०० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचाच अर्धा टन, वर काच, दगड आणि स्टँड. वरच्या मजल्यावर ते ठेवण्याआधी इमारतीच्या जाणकाराला विचारावं लागतं. हा मासा तुम्ही मागितला नव्हता. तेव्हा भावाला तारीख विचारा. अमुक महिन्यापर्यंत तो मोठ्या टाकीची सोय करणार असेल तर तोवर तुम्ही सांभाळा. नाहीतर मोठी टाकी असणारा अनुभवी माणूस शोधून मासा त्याच्याकडे द्यायचा. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. मला तर हाच मार्ग बरा वाटतो, कारण तुमच्या पत्रात मासा पाळण्याची हौस कुठेच दिसली नाही, फक्त त्याला काही होऊ नये ही काळजी दिसली.

समुद्रात मात्र सोडू नका, कितीही सोपं वाटलं तरी. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला, बहुधा कुणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो पश्चिम अटलांटिक आणि कॅरिबियन भर पसरलाय.

मुलाचं एक राहिलं. भोपळ्या त्याला ओळखतो का, असं तो विचारेल, नसेल विचारलं तर. खाणं देणाऱ्याला पफर ओळखतात असं पाळणारे बहुतेक जण सांगतात. माझी व्हॅलेंटिनी मी खोलीत आले की काचेशी यायची, दुसरं कोणी आलं तर दगडामागून एक डोळा फिरवून बघायची. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात त्यांचे. तेव्हा भरवू द्या मुलाला, तुम्ही शेजारी असताना, लांब प्लास्टिकच्या चिमट्याने, पंप बंद करून. पंप परत चालू करायचं तुम्ही लक्षात ठेवा. मी दोनदा विसरले आहे.